धर्मचिकित्सेला लागलेली दोन कुलपे

महानुभाव पंथाच्या इतिहासात एक प्रसंग नोंदलेला आहे. चक्रधरस्वामींच्या मागे पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांपुढे पंथातील संस्कृतज्ञ शिष्यांनी शास्त्रचर्चा आणि ग्रंथरचना संस्कृतात करण्याचा विचार मांडला. आचार्यांनी तो साफ नाकारला. स्वामींनी जे मराठीत सांगितले ते संस्कृतात कोंडले गेले, तर पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील, एवढेच त्यांचे कारण होते. ज्ञान कोणासाठी, या प्रश्नाचे इतके निःसंदिग्ध उत्तर महाराष्ट्रात सातशे वर्षांपूर्वी दिले गेले. परंतु त्याच पंथाने पुढच्या काळात आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. भाषा मराठीच राहिली. अक्षरे मात्र पंथाबाहेरच्या माणसाला लागेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, इतिहासाचार्य राजवाडे यांच्या प्रयत्नांनी त्या लिपीची उकल होईपर्यंत लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मराठी समाजाच्या लेखी जणू अस्तित्वातच नव्हता.

हिंदू धर्माच्या विद्यापीठीय अभ्यासाची आजची अवस्था पाहिली की या सकळ लिपीची आठवण होते. या देशातल्या धर्मग्रंथांवर, दैवतांवर, पंथांवर, व्रतवैकल्यांवर आणि जातिव्यवस्थेवर जगभर जितके संशोधन आज होत आहे, तितके पूर्वी कधीही झाले नसेल. स्वतंत्र नियतकालिके आहेत, विश्वकोश आहेत, ग्रंथमाला आहेत. परंतु ज्या समाजाच्या जीवनावर हे संशोधन उभे आहे, त्या समाजाच्या हाती त्यातले काय पडते? या ज्ञानाला दोन कुलपे लागली आहेत. एक किमतीचे, दुसरे भीतीचे. पहिले प्रकाशनाच्या व्यापाऱ्यांनी लावले आहे आणि दुसरे धर्माच्या ठेकेदारांनी. वरवर परस्परांचे शत्रू दिसणारे हे दोन पहारेकरी प्रत्यक्षात एकाच दाराची राखण करीत आहेत, हे पुरोगामी चळवळीने अद्याप पुरते ओळखलेले नाही.

धन कोणाचे?

या कुलपांआडचे धन मुळात कोणी जमवले, हे आधी पाहिले पाहिजे. महादेव चिमणाजी आपटे या वकिलाने १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम स्थापन केला, आपली मिळकत त्याला वाहिली आणि हस्तलिखिते जमवून ग्रंथमाला सुरू केली. मुंबई सरकारने सार्वजनिक पैशातून गोळा केलेला हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह १९१८ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या स्वाधीन झाला. त्याच संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प सोडला. विष्णु सीताराम सुकथनकर, श्रीपाद कृष्ण बेलवलकर, परशुराम लक्ष्मण वैद्य अशा संपादकांच्या हाताखाली हे काम जवळजवळ अर्धे शतक चालले आणि १९६६ साली पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. औंधच्या संस्थानिकापासून केंद्र सरकारपर्यंत अनेकांचे साहाय्य त्याला लाभले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. १९३० ते १९६२ या काळात त्याचे पाच खंड याच संस्थेने छापले.

या कामात दोष नव्हते असे नाही. या संस्थांची दारे दीर्घकाळ एका जातीच्या विद्वानांनाच सहज उघडत होती, ज्यांच्या हातच्या पोथ्या तपासल्या गेल्या त्याही बहुतांशी त्याच वर्गाच्या होत्या, ही टीका रास्त आहे आणि ती वारंवार केलीच पाहिजे. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. या ग्रंथांच्या मागे नफ्याचा हेतू नव्हता. महाभारताच्या चिकित्सक संहितेचे पुढे क्योटोच्या तोकुनागा आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी संगणकीय रूप सिद्ध केले आणि ते सर्वांना विनामूल्य खुले केले. ज्ञानाचा व्यवहार असा होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

हस्तलिखितांच्या पलीकडेही एक धन आहे आणि ते अधिक मोलाचे आहे, कारण त्याचे मालक आजही रानात मेंढरे घेऊन हिंडत आहेत. हायडलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातील धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचा अभ्यास आयुष्यभर केला. रात्र-रात्र चालणाऱ्या धनगरी ओव्या त्यांनी ऐकल्या, ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचा मूळ ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला आणि ॲन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली न्यूयॉर्कच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. धुळोबा आणि बिरोबा यांच्या दोन प्रदीर्घ ओव्यांचे इंग्रजी रूप याच प्रकाशनाने २०१४ साली ग्रंथबद्ध केले. रामदास आटकर आणि राजाराम झगडे या मराठी सहकाऱ्यांची नावे त्यावर सन्मानाने छापली आहेत. रा. चिं. ढेरे यांच्या १९८४ सालच्या ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही फेल्डहाउस यांनीच २०११ साली सिद्ध केले.

या अभ्यासकांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परदेशी विद्वान म्हणजे कारस्थानी, ही ओरड ज्यांना करावयाची असेल त्यांनी ती खुशाल करावी. ज्या ओव्यांकडे इथल्या शिष्ट समाजाने ढुंकूनही पाहिले नव्हते, त्या टिपून ठेवल्याचे श्रेय या ओरडीने पुसले जात नाही. प्रश्न विद्वानाच्या कातडीच्या रंगाचा नाही. प्रश्न असा आहे, की ज्या धनगराने रात्रभर ओवी गायली, त्याचा नातू आज तालुक्याच्या महाविद्यालयात शिकत असेल, तर आपल्या आज्याच्या दैवतावर काय लिहिले गेले आहे हे त्याला वाचावयास मिळते काय? ग्रंथाची किंमत डॉलरमध्ये आहे, ती त्याच्या घरच्या महिन्याच्या कमाईशी झुंजणारी आहे, आणि ग्रंथाची भाषा त्याची नाही. ओवी त्याच्या अंगणातून गेली. परत येताना ती जकात मागते आहे.

याहून बोलके उदाहरण शोधावयाचे तर दूर जावे लागत नाही. ख्रिश्चन नोव्हेट्झकी या अमेरिकी अभ्यासकाचा लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी यांवरील ग्रंथ २०१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढला. स्त्रीशूद्रादिकांच्या रोजच्या भाषेत ज्ञान उतरवणे ही केवढी सामाजिक उलथापालथ होती, हे त्या ग्रंथाचे प्रतिपाद्य आहे. प्रतिपाद्य मोलाचे आहे. पण विद्यापीठीय इंग्रजीत लिहिलेले आणि परदेशी बाजारपेठेसाठी छापलेले ते पुस्तक नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्यांपर्यंत कसे पोचावे? यात लेखकाचा दोष नाही. लेखकाला ज्या व्यवस्थेत काम करावे लागते, तिचा हा स्वभावच आहे.

पहिले कुलूप: किंमत

ही व्यवस्था चालते कशी, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण भांडवलशाहीच्या इतिहासात इतका निर्धोक धंदा क्वचितच सापडेल. संशोधकाचा पगार विद्यापीठ देते. म्हणजे बहुधा सरकार देते. त्याचा प्रवास, त्याची शिष्यवृत्ती, त्याचे ग्रंथालय सार्वजनिक पैशावर चालते. तो लेख लिहितो आणि नियतकालिकाला विनामोबदला देतो. तो लेख छापण्यायोग्य आहे की नाही हे दुसरे विद्वान तपासतात, तेही विनामोबदला. मग लेखाचे स्वामित्व प्रकाशक आपल्या नावे लिहून घेतो आणि तोच लेख त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वार्षिक वर्गणी आकारून विकतो. कच्चा माल फुकट, कारागीर फुकट, पारखी फुकट, आणि गिऱ्हाईक बांधलेले! एल्सेव्हिअरसारख्या या धंद्यातील बलाढ्य कंपनीच्या नफ्याचे प्रमाण उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक असते, याचे मग नवल वाटू नये. किराणा दुकानदाराने असा नफा कमावला तर त्याला काळाबाजारवाला म्हणतात.

हिंदू धर्माचा अभ्यास या धंद्याच्या बाहेर राहिलेला नाही. या विषयाचे एक प्रमुख आंतरराष्ट्रीय नियतकालिक १९९७ पासून निघते. ते आज स्प्रिंगर या कंपनीकडे आहे. दुसरे ऑक्सफर्डकडे आहे. १६८३ पासून ग्रंथव्यवसायात असलेल्या लायडनच्या ब्रिल कंपनीने हिंदू धर्माचा सहा खंडांचा विश्वकोश काढला. तो पुरा घ्यावयाचा तर हजार युरोंहून अधिक रक्कम मोजावी लागते. याच ब्रिलचे २०२४ साली डी ग्रॉयटर या जर्मन कंपनीशी एकत्रीकरण झाले. मालक कमी होत चालले आहेत आणि कुलपे मोठी होत चालली आहेत. एखादा सुटा लेख विकत घ्यावयाचा तर तीस-चाळीस डॉलर पडतात. लेख सर्वांना खुला ठेवण्याची सोयही हल्ली कंपन्या देतात. पण त्यासाठी लेखकाकडूनच दोन-तीन हजार डॉलर मागितले जातात. म्हणजे पूर्वी वाचकाला लुबाडले जात होते, आता लेखकाला. नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या प्राध्यापकाने एवढी रक्कम आणावी कोठून?

या लुटीविरुद्ध या देशात एक लढाई झाली आणि ती जिंकलीही गेली, हे विसरता कामा नये. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला. गुन्हा काय, तर अभ्यासक्रमातील ग्रंथांची निवडक पाने एकत्र बांधून ते दुकान विद्यार्थ्यांना स्वस्तात देत होते. विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी दुकानदाराची बाजू घेतली. स्वामित्व हक्क हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे, असे स्पष्ट करून दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकाशकांचा दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिक्षणासाठी अशा प्रती काढता येतात हे तत्त्व मान्य केले आणि २०१७ साली प्रकाशकांनी खटला मागे घेतला.

सरकारने मात्र दुसराच मार्ग पत्करला. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या नावाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० च्या वर शासकीय संस्था असा तिचा विस्तार आहे. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला यामुळे काही लेख वाचता येतील, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण या योजनेने कुलूप तोडलेले नाही. कुलपाचे भाडे भरले आहे. वर्षाला सरासरी २,००० कोटी रुपये देऊनही भाड्याची मुदत संपली की दार पुन्हा बंद. शिवाय ही योजना नियतकालिकांपुरती आहे, ग्रंथ तिच्या बाहेर आहेत. आणि जो कोणत्याही शासकीय संस्थेचा विद्यार्थी वा अध्यापक नाही, त्याला या राष्ट्राच्या वर्गणीत वाटा नाही. रा. चिं. ढेरे यांचे अवघे आयुष्य विद्यापीठाच्या विभागात नव्हे, घरच्या ग्रंथसंग्रहात गेले. तसा एखादा तरुण आज उभा राहिला, तर ‘एक राष्ट्रा’च्या व्याख्येत तो बसणार नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदानावर चालणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. ती या राष्ट्रात आहेत की नाहीत?

दुसरे कुलूप: भीती

किमतीचे कुलूप ओलांडून एखादे पुस्तक बाजारात आलेच, तर दुसरा पहारेकरी पुढे सरसावतो. जेम्स लेन यांचे शिवचरित्रविषयक पुस्तक ऑक्सफर्डने २००३ साली काढले. त्यातील मजकुराविरुद्ध क्षोभ उसळताच नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने ते भारतातून मागे घेतले. लेन यांच्या मजकुराचा समाचार पुराव्यानिशी घेणे शक्य होते आणि आवश्यकही होते. परंतु प्रकाशकाच्या माघारीने कोणाचे समाधान झाले काय? आधी पुण्यात एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासण्यात आले आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. कपाटे फुटली, हस्तलिखिते विखुरली. ज्या संस्थेने ते पुस्तक लिहिलेही नव्हते आणि छापलेही नव्हते, तिने किंमत मोजली. राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. न्यायालयात पुस्तक जिंकले आणि दुकानात हरले. शरणागतीने शांतता विकत मिळत नाही, हा या प्रकरणाचा धडा प्रकाशकांनी घ्यावयास हवा होता. त्यांनी नेमका उलटा घेतला.

ए. के. रामानुजन यांचा रामकथेच्या अनेकविध रूपांवरचा निबंध १९९१ सालीच ग्रंथात आला होता. सतरा वर्षे त्याने कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. तो दिल्ली विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवला जाऊ लागला, तेव्हा मात्र २००८ साली इतिहास विभागावर हल्ला झाला. प्रकरण न्यायालयात गेले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिच्यातील बहुसंख्यांना निबंधात आक्षेपार्ह काही आढळले नाही. तरी ऑक्टोबर २०११ मध्ये विद्वत परिषदेने तो अभ्यासक्रमातून काढला. त्याच्या प्रकाशकाने तक्रारदारापुढे आधीच नांगी टाकली होती. जगभरच्या शेकडो अभ्यासकांनी जाहीर निषेध केल्यावरच तो ग्रंथ पुन्हा छापण्याची घोषणा झाली.

वेंडी डोनिगर यांचा हिंदूंचा पर्यायी इतिहास पेंग्विनने २००९ साली काढला. त्याविरुद्ध दावा दाखल झाला. न्यायालयाचा निर्णय लागण्यापूर्वीच फेब्रुवारी २०१४ मध्ये पेंग्विनने वादीशी तडजोड करून पुस्तक मागे घेण्याचे आणि उरलेल्या प्रतींचा लगदा करण्याचे मान्य केले. १९२७ साली दंडसंहितेत घातलेल्या कलम २९५-अ कडे कंपनीने बोट दाखवले. ते कलम खरोखरीच घातक आहे. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ते कलम २९९ म्हणून कायम आहे. परंतु लढण्याची ऐपत असलेल्या जागतिक कंपनीने लढण्यापूर्वीच शस्त्र खाली ठेवावे, आणि पुढे २०१५ साली तेच पुस्तक स्पीकिंग टायगर या लहान भारतीय प्रकाशनाने काढून दाखवावे, यातून भीतीचे मोजमाप भांडवलाच्या आकारावर ठरत नाही, हेच सिद्ध होते.

या प्रकरणांतून एक नियम दिसू लागतो. रामानुजनांचा निबंध विद्वानांच्या ग्रंथात होता तोवर तो निर्धोक होता. वर्गात आला तेव्हा धोकादायक ठरला. डोनिगर यांच्या संशोधनाचा मोठा भाग जाड ग्रंथांत दशकानुदशके पडून होता. सामान्य वाचकासाठी लिहिलेले पुस्तक विमानतळावरच्या दुकानात दिसू लागले, तेव्हा त्याचा लगदा करावा लागला. याच नियमाचा सर्वांत ठळक दाखला महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हिंदू धर्मातील कूटप्रश्नांवरची अप्रकाशित लेखने राज्य शासनाने १९८७ साली, कोणालाही परवडेल अशा किमतीत, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि राम-कृष्णांवरील प्रकरणावरून गहजब झाला. अमरावतीत ग्रंथाची होळी झाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलित जनतेने प्रचंड मोर्चा काढला, तेव्हा कोठे ते प्रकरण वगळण्याचा घाट फसला आणि ग्रंथातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा तळटिपेवर तडजोड झाली. लंडनच्या एखाद्या प्रकाशकाने तोच मजकूर तीनशे प्रतींत, सोन्याच्या भावात छापला असता तर एक दगडही उचलला गेला नसता.

विद्वानाला स्वातंत्र्य आहे, पण त्याला कोणी वाचत नाही तोवरच, असा हा नियम आहे. म्हणून महाग पुस्तक सुरक्षित राहते आणि स्वस्त पुस्तक संकटात सापडते. दोन कुलपे एकमेकांना अशी पूरक आहेत. धर्माच्या ठेकेदाराला महागड्या ग्रंथाची पर्वा नसते, कारण बहुजन समाज तो वाचणार नाही याची हमी त्याला किमतीनेच दिलेली असते. आणि प्रकाशकाला स्वस्त आवृत्तीसाठी धोका पत्करावासा वाटत नाही, कारण त्याचा नफा भारतातल्या वाचकावर अवलंबून नसतो.

मोकळे सोडलेले रान

ज्ञानाचा बाजार असा बंद झाला म्हणजे लोक धर्माविषयी वाचण्याचे थांबतात असे नाही. गोरखपूरची गीता प्रेस १९२३ पासून धर्मग्रंथ आणि पुस्तिका नाममात्र किमतीत घरोघर पोचवीत आली आहे. तिच्या सनातनी मतांशी, विशेषतः स्त्रियांविषयीच्या आणि जातिधर्माविषयीच्या मतांशी, पुरोगाम्यांचे कधीच जमणार नाही. परंतु वाचकाच्या खिशाचा विचार तिने केला आणि पुरोगाम्यांनी केला नाही, हे कबूल केले पाहिजे. आज तर प्रत्येक हातात दूरध्वनी आहे आणि त्यावर पुष्पक विमानापासून प्लास्टिक सर्जरीपर्यंत सर्व काही फुकट मिळते. असत्य फुकट आणि सत्य चाळीस डॉलर, अशा बाजारात कोण जिंकणार, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

पुरोगामी चळवळही या पापातून मुक्त नाही. धर्म हा आपोआप विरणारा विषय आहे, त्याच्या अभ्यासात शक्ती कशाला घालवावी, असे मानणाऱ्यांनी हे रान अर्धशतकापूर्वीच मोकळे सोडले. दामोदर धर्मानंद कोसंबींनी विठोबा-म्हसोबांच्या ठाण्यांपर्यंत पायपीट करून मार्क्सवादी दृष्टीने धर्माचा शोध घेतला. त्यांचा तो ग्रंथ १९६२ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. पण त्या वाटेने पुढे किती जण गेले? आज विद्यापीठातील पुरोगामी प्राध्यापक मराठीत बोलतात आणि इंग्रजीत लिहितात, कारण बढतीचे गुण परदेशी नियतकालिकातील लेखाला मिळतात. चळवळीच्या व्यासपीठावर ते ज्ञानाच्या लोकशाहीकरणाचे भाषण करतात आणि आपल्या लेखाचे स्वामित्व निमूटपणे कंपनीला लिहून देतात. शासनाची गोष्ट तर विचारूच नये. आंबेडकरांच्या ग्रंथांच्या छपाईचे काम रखडले, तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतः होऊन दखल घ्यावी लागली.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की चांगले संपादन, चांगली छपाई यांना पैसा लागतो. तो कोठून आणावा? लागतो हे खरेच. पण वर्षाला २,००० कोटी रुपये परदेशी वर्गणीसाठी उभे करणाऱ्या देशाने हा प्रश्न विचारावा याला काय म्हणावे? त्या रकमेच्या लहानशा हिश्श्यात प्रत्येक भारतीय भाषेत खुली नियतकालिके चालू शकतील. मराठी विश्वकोश सर्वांना विनामूल्य वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाने काण्यांच्या धर्मशास्त्राचा मराठी सारांश काढला आणि आपली अनेक पुस्तके आज कोणालाही उतरवून घेता येतील अशी ठेवली आहेत. तुकोबांची गाथा १९५० साली सरकारने छापली, ती आजही घरोघर प्रमाण मानली जाते. मार्ग अज्ञात नाही. तो चालण्याची इच्छा हवी.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. सामान्य भाविकाच्या भावना चिकित्सेने दुखावतील, असे सांगितले जाते. परंतु ज्ञानेश्वर आणि तुकाराम ज्याच्या मुखी आहेत, त्या वारकऱ्याला चिकित्सेचे भय वाटते असे कोणी ठरवले? त्याच्या वतीने दावे दाखल करणाऱ्यांनी त्याला ते पुस्तक वाचावयास दिले होते काय?

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशातून झालेले प्रत्येक संशोधन प्रसिद्धीच्या दिवशीच सर्वांना खुले झाले पाहिजे आणि त्याचा सविस्तर मराठी गोषवारा देणे अनुदानाची अट असली पाहिजे. येथील समाजाच्या ओव्या, पोथ्या आणि मुलाखती यांवर उभा असलेला ग्रंथ स्वस्त भारतीय आवृत्तीत निघेल, अशी अट लेखकांनीच करारात घातली पाहिजे. हार्वर्डच्या मूर्ती ग्रंथमालेने २०१५ पासून अशा आवृत्त्या काढून ते शक्य असल्याचे दाखवले आहे. सार्वजनिक ग्रंथालये वर्गणी योजनेत घेतली पाहिजेत. मराठीतल्या संशोधनाला बढतीच्या गणितात इंग्रजीइतकेच गुण मिळाले पाहिजेत. कलम २९९ चा दंडुका अभ्यासकावर आणि प्रकाशकावर उगारता येणार नाही, अशी दुरुस्ती झाली पाहिजे. आणि पुस्तकाच्या दुकानावर जमाव चालून येईल तेव्हा, त्या पुस्तकातील मत पटो वा न पटो, दुकानदाराच्या बाजूला कार्यकर्ते उभे दिसले पाहिजेत. लेन यांच्या वेळी आणि डोनिगर यांच्या वेळी अनेकांनी आधी मजकूर तपासला आणि मग भूमिका ठरवली. तोवर लगदा होऊन गेला होता.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. विठ्ठल कोणा बडव्याच्या मालकीचा नाही, एवढाच त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मंदिराचे दार उघडले. पण त्या विठ्ठलाविषयी, त्याच्या मूळ गोपजनीय रूपाविषयी, त्याच्याभोवती वाढलेल्या जातींच्या आणि पंथांच्या इतिहासाविषयी जे ज्ञान आज जमले आहे, त्याच्या दारात नवे बडवे बसले आहेत. एकाच्या हाती पावतीपुस्तक आहे, दुसऱ्याच्या हाती काठी. पहिले दार उघडण्यासाठी या चळवळीने प्राण पणाला लावले होते. दुसऱ्या दारासाठी तिने अजून हाकही दिलेली नाही.